एकाच कढईत, आपापल्या खणात



आजचा विषय जेवणाचा आहे, पण मी रेसिपी सांगणार नाही. आज बोलायचंय ते एका भांड्याबद्दल. ते भांडं कोणाचं, त्यात कोणी चमचा घालायचा, आणि पैसे कोणी मोजायचे याबद्दल.

चीनमधल्या कुठल्याही मोठ्या शहरात आज एक प्रकारचं साधं, फार महाग नसलेलं हॉटेल दिसतं. तुम्ही एकटे जाता. लांबलचक काउंटरपाशी स्टुलावर बसता. समोर टेबलातच बसवलेली इंडक्शनची शेगडी, आणि तिच्यावर आपल्या घरातल्या लहान पातेल्याएवढं भांडं. रस्सा कोणता, ते आधी विचारतात: सिच्वानचा लाल तिखट, मशरूमचा, टोमॅटोचा की हाडांचा पांढरा. मग फिरत्या पट्ट्यावरून छोट्या ताटल्या येत राहतात. पालेभाज्या, कमळकाकडी, टोफू, मांसाचे पातळ काप, नूडल्स. हवं ते उचलायचं. कोपऱ्यातल्या टेबलावर तिळाचं तेल, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, काळं व्हिनेगर, तिळाची पेस्ट ठेवलेली असते. आपली वाटी आपणच जमवायची. स्वतः शिजवायचं, खायचं, ताटल्या मोजून पैसे द्यायचे आणि निघायचं.

यावर एक तक्रार नेहमी ऐकू येते. हॉट पॉट म्हणजे, चिनी भाषेत 'हुओक्वो', ही मुळात सगळ्यांनी मिळून खायची गोष्ट. एक मोठं भांडं, भोवती अख्खं घर. त्याचे असे एकेकट्याचे तुकडे करणं म्हणजे परंपरा मोडणं, शहरी एकटेपणाला शरण जाणं. ऐकायला पटतं. पण इतिहास काढून पाहिला तर, निदान सिच्वानच्या हॉट पॉटबाबत, गोष्ट जवळजवळ उलटी निघते.

आधी एक घोळ निस्तरू. 'हॉट पॉट दोन हजार वर्षं जुना' असं वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असेल. उकळत्या भांड्यात काहीतरी बुडवून खाणं खूप जुनं आहे, यात शंका नाही. सोंग काळातल्या लिन होंगने डोंगरातल्या हिवाळ्यात सशाच्या मांसाचे काप शेगडीवरच्या रश्श्यात प्रत्येकाने आपापल्या चॉपस्टिक्सनी बुडवून खाल्ल्याचं लिहून ठेवलंय. अठराव्या शतकातला चोखंदळ खवय्या युआन मेई याला मात्र हा प्रकार अजिबात आवडत नसे. प्रत्येक पदार्थाला लागणारी आच वेगळी, मग सगळ्याला एकच उकळी का, हा त्याचा आक्षेप. पण हे सगळे हॉट पॉट आजच्या लाल, जीभ बधिर करणाऱ्या सिच्वानी हॉट पॉटचे फार तर लांबचे नातेवाईक.

कारण लाल रंग येतो मिरचीमुळे, आणि मिरची चीनची नाहीच. ती अमेरिका खंडातून आली. १५९१ साली हांगचौच्या काओ लिएनने तिचं वर्णन केलं ते बागेतलं शोभेचं झाड म्हणून. जेवणात ती मुरली बरीच नंतर, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, तेही सिच्वानच्या दक्षिणेला असलेल्या क्वेइचौच्या डोंगराळ भागात. तिथे मीठ महाग होतं, म्हणून गरीब लोक मिठाऐवजी मिरचीवर भागवायचे. मग ती सिच्वानमध्ये पसरली. आपल्याकडेही ती पोर्तुगीजांबरोबर आली, आणि मुंबईकडे तिला 'गोवाई मिरची' म्हणत. म्हणजे गोव्याचं जेवण आणि सिच्वानचं जेवण, दोन्ही लाल झाली ती एकाच झाडामुळे.

जीभ बधिर करणारा पदार्थ मात्र चीनचा स्वतःचा: हुआच्याओ. इंग्रजीत त्याला सिच्वान पेपर म्हणतात, पण तो मिरीच्या कुळातला नाही. कोकण-गोव्यातल्या श्रोत्यांना तो समजावून सांगायची गरजच नाही. बांगड्याच्या आमटीत आपण जी तिरफळं घालतो, ती हुआच्याओची सख्खी चुलत भावंडं. दोघांची वनस्पतिशास्त्रीय प्रजाती एकच, झँथॉक्सायलम. उत्तराखंडात राहणारे याच घरातलं 'तिमूर' ओळखत असतील. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी मोजून पाहिलं, तेव्हा हुआच्याओमुळे ओठांवर होणारी झिणझिण सेकंदाला सुमारे ५० वेळा होणाऱ्या कंपनासारखी जाणवते असं आढळलं. आपल्याकडच्या 'शेजवान' चटणीत ही झिणझिण शोधू नका. तिथे फक्त नाव पोहोचलंय.

आता मुख्य गावाकडे येऊ. ते गाव म्हणजे चोंगचिंग. यांगत्से आणि च्यालिंग या दोन नद्यांच्या संगमावर, डोंगराच्या कड्यावर वसलेलं. १९९७ पासून ते सिच्वान प्रांताचा भागसुद्धा नाही, थेट केंद्राच्या अखत्यारीत आहे. त्यामुळे 'सिच्वान हॉट पॉट' म्हटलं की तिथले लोक अजूनही नाक मुरडतात. १८९१ साली हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. नदीवरची वाहतूक वाढली. त्या काळात प्रवाहाविरुद्ध होड्या न्यायच्या म्हणजे काठावरून दोर खांद्यावर घेऊन माणसांनी ओढायच्या. असे ओढकरी, हमाल, नावाडी हजारोंच्या संख्येने घाटांवर असायचे. हिवाळा दमट, काम जीवघेणं, खिशात चार नाणी.

या लोकांच्या जेवणाचं सर्वांत चांगलं वर्णन केलंय ली च्येरेन या कादंबरीकाराने. हा चेंगदूचा माणूस, फ्रान्समध्ये शिकलेला, 'मादाम बोव्हारी'चा चिनी अनुवादक. आणि महत्त्वाचं म्हणजे, १९३० साली नोकरी सोडून यानं स्वतः चेंगदूत खाणावळ काढली होती. त्यामुळे अन्नाबद्दल लिहिताना तो पैशाचा हिशोब विसरत नाही. त्याच्या म्हणण्यानुसार हा हॉट पॉट जन्मला चोंगचिंगच्या समोरच्या काठावर, च्यांगपेइ भागात. फेरीवाले रेड्या-म्हशींचं आतडं, कोथळा, काळीज असं कोणाला नको असलेलं मांस स्वस्तात घ्यायचे, धुऊन, उकडून, बारीक तुकडे करायचे. कावडीच्या एका टोकाला मातीची शेगडी, आणि तिच्यावर खण पाडलेलं पत्र्याचं मोठं भांडं. त्यात तिखट, झिणझिणीत, खारट रस्सा रटरटत असायचा.

घाटावरचे कामकरी भोवती जमायचे. प्रत्येकजण एक खण आपला म्हणून ठरवायचा, त्यातच आपले तुकडे बुडवायचा, आणि जितके तुकडे खाल्ले तितक्यांचे पैसे द्यायचा.

इथे जरा थांबा. भांडं एक आहे, आच एक आहे, पण भोवतीची माणसं एका घरातली नाहीत. ती एकमेकांना ओळखतही नसतील. कोणी कोणाला आमंत्रण दिलेलं नाही, कोणी कोणाचे पैसे भरणार नाही. खण पाडले ते चवीसाठी नव्हे, तर काळ्यालाल रश्श्यात माझा तुकडा कोणता आणि तुझा कोणता यावरून भांडण होऊ नये म्हणून. म्हणजे सिच्वानी हॉट पॉटच्या मुळाशी कुटुंबाचं स्नेहभोजन नाही. मुळाशी आहे एकट्याने, घाईत, मोजून-मापून खाल्लेलं जेवण.

ली पुढे सांगतो की १९३४ साली चोंगचिंग शहरातल्या एका छोट्या खाणावळीने हा प्रकार कावडीवरून टेबलावर आणला. शेगडी मातीचीच राहिली, पण खणांच्या पत्र्याच्या भांड्याऐवजी तांब्याचं लहान भांडं आलं. आणि रस्सा कसा हवा, बुडवायची चटणी कशी हवी, हे गिऱ्हाइकानेच जमवायचं ठरलं. कारण दोन: स्वच्छता, आणि प्रत्येकाची आवड. छोटं भांडं, आपला रस्सा, आपली चटणी. मघाशी सुरुवातीला सांगितलेलं इंडक्शनवालं हॉटेल आठवा. फिरता पट्टा सोडला तर नवीन काय आहे?

मग कुटुंबाचं मोठं भांडं आलं कधी? नोव्हेंबर १९३७ मध्ये जपानी आक्रमणामुळे चीनच्या राष्ट्रीय सरकारने राजधानी चोंगचिंगला हलवायचं जाहीर केलं. देशभरातून अधिकारी, प्राध्यापक, व्यापारी, निर्वासित या डोंगरावर येऊन धडकले. बॉम्बवर्षाव चालू, जागा अपुरी, आणि अशात हमालांचं खाणं साहेबांच्या टेबलावर चढलं. (याच शहरात १९३८ च्या अखेरीस आपले दोन मराठी डॉक्टर मुक्कामाला होते, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. काँग्रेसने पाठवलेलं पाच जणांचं वैद्यकीय पथक इथूनच पुढे येनानला गेलं.) युद्ध संपल्यावर ही माणसं आपापल्या प्रांतांत परतली आणि चव सोबत घेऊन गेली. हॉटेलात चार मित्र, मधे मोठी कढई, हे सर्वपरिचित चित्र खऱ्या अर्थाने घरोघरी आणि गावोगावी पोहोचलं ते मात्र १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांमध्ये, लोकांच्या हातात पैसा आल्यावर. हायदीलाओ ही आजची जगभर पसरलेली साखळी १९९४ साली सिच्वानच्या च्येनयांगमध्ये चार टेबलांवर सुरू झाली.

आता आपल्याला, म्हणजे मराठी माणसाला, पहिल्यांदा पडणारा प्रश्न. हे उष्टं नाही का? इंग्रजीत या शब्दाला धड प्रतिशब्द नाही, आपल्याला मात्र तो आईच्या दुधाबरोबर मिळतो. पंगतीत शंभर माणसं बसतात, पण प्रत्येकाचं पान वेगळं आणि वाढणारा वेगळा. चीनमध्येही हा प्रश्न पडलेला आहे, आणि तो पश्चिमेकडून शिकलेला नाही. हान काळात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, तिथले खानदानी लोक चटईवर बसून प्रत्येकी वेगळ्या बुटक्या चौरंगावर जेवत. त्या काळच्या थडग्यांत एका माणसापुरत्या काशाच्या शेगड्या सापडल्या आहेत: खाली निखारे, वर छोटी वाटी. च्यांगदूच्या राजाच्या थडग्यात तर पाच खणांचं काशाचं भांडं मिळालं. एकत्र टेबल, एकत्र ताटं ही पद्धत नंतरची, उंच खुर्च्या-टेबलं थांग-सोंग काळात रुळल्यावरची. आणि १९१०-११ ची मंचुरियातली प्लेगची साथ आटोक्यात आणणारे डॉक्टर वू लिएनथे यांनी १९१५ च्या सुमारास जेवणाच्या टेबलावर फिरतं ताट आणि वाढायला वेगळ्या चॉपस्टिक्स ठेवा असा आग्रह धरला. तो लोकांनी फिरत्या ताटापुरताच मनावर घेतला.

सिच्वानी हॉट पॉटमध्ये हा प्रश्न जास्त टोकदार झाला तो तेलामुळे. या रश्श्याचा जीव म्हणजे गोमांसाची चरबी. त्यात मिरच्या, हुआच्याओ आणि आंबवलेल्या बोट्याच्या शेंगांसारख्या मोठ्या दाण्यांची तिखट पेस्ट परततात. हे तेल जितकं जुनं तितकं चवदार, असा समज होता. म्हणून गिऱ्हाईक उठलं की हॉटेलवाले वरचं तेल गाळून, तापवून पुन्हा पुढच्या कढईत वापरायचे. लोकांनी त्याला नाव दिलं 'लाळेचं तेल'. नावातच निकाल आहे. २००९ चा अन्नसुरक्षा कायदा आणि २०११ च्या सुमारास गाजलेली गटारातल्या तेलाची प्रकरणं, यानंतर यावर धाडी पडू लागल्या. पाकिटबंद, एकदाच वापरायचा मसाला सर्रास झाला. जुने खवय्ये कुरकुरतात की चव गेली. गेली असेलही. मला विचाराल तर जाऊ दे.

एकट्याच्या भांड्याला खरा जोर मिळाला तो आजाराने. 'श्याबू श्याबू' ही साखळी १९९८ साली बीजिंगमध्ये एका तैवानी उद्योजकाने काढली. काउंटर, स्टूल, प्रत्येकासमोर वेगळं भांडं. त्यांचा साचा तैवान-जपानकडचा, सिच्वानी रस्सा हा त्यातला एक पर्याय. सुरुवातीला बीजिंगकरांना हे विचित्र वाटलं. २००३ साली सार्सची साथ आली आणि रांगा लागल्या. २०२० मध्ये कोविडने तोच धडा गिरवून घेतला. त्याच वर्षीच्या जनगणनेत चीनमध्ये एकट्या माणसाची साडेबारा कोटींहून अधिक घरं नोंदली गेली, म्हणजे दर चार घरांमागे एक. हायदीलाओमध्ये एकटं गिऱ्हाईक आलं की समोरच्या खुर्चीवर मोठं मऊ खेळणं आणून बसवतात, हे तुम्ही ऐकलं असेल. हेतू चांगला, पण चेंगदूच्या माणसाला त्याची गरज वाटत नाही. तिथे 'माओत्साय' नावाचा प्रकार गल्लोगल्ली आहे. भाज्या-मांस आपण निवडायचं, दुकानदार बांबूच्या झाऱ्यात घालून रश्श्यात उकळून वाडग्यात ओतून देतो. माओत्साय म्हणजे एकट्याचा हॉट पॉट, असं तिथे म्हणतातच.

वेगळ्या भांड्याचा भारतीय माणसाला एक फायदा आहे, तो सांगायलाच हवा. परदेशात किंवा बंगळुरूसारख्या शहरात ऑफिसचे सहाजण जेवायला गेले की एक शाकाहारी, एक गोमांस न खाणारा, एक डुकराचं मांस न खाणारा असतोच. मधे एकच कढई असेल तर त्यातले तीन पाणी पिऊन परततात. वेगळं भांडं असेल तर सगळे एका टेबलावर बसू शकतात. फक्त लाल रस्सा घेण्याआधी चरबी कशाची ते विचारा, आणि मशरूमच्या रश्श्यातही हाडांचा अर्क असू शकतो हे लक्षात ठेवा.

घाटावरची ती खणांची कढई संपली नाही. चोंगचिंगमध्ये आजही नऊ खणांची जाळी घातलेली कढई मिळते, आणि ती फार लोकप्रिय आहे. जाळीला तळ नसतो, खालून रस्सा एकच. वेटर समजावून सांगतो: मधल्या खणात आच सर्वांत तीव्र, तिथे कोथळ्याचा काप पंधरा सेकंद धरायचा. बाजूच्या चारांत मध्यम आच, तिथे मांस. कोपऱ्यांतल्या चारांत मंद आच, तिथे हळू शिजणारं टाकून विसरून जायचं. सगळं खरं आहे. पण हे शास्त्र नंतर सुचलेलं. नऊ अनोळखी माणसं त्या खणांभोवती उकिडवी बसून आपापले तुकडे मोजत, तेव्हा कोपरा कोणाच्या वाट्याला यायचा आणि मधला खण कोण पटकवायचा, हे आचेवरून ठरत नसणार.