अजब बंगल्याच्या पलीकडे

पाहुणा आला की आपण नागपूरकर त्याला सीताबर्डीचा किल्ला दाखवतो, तोही बहुधा लांबूनच! फार तर अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचे आपले मध्यवर्ती संग्रहालय. पण काटोल रस्त्याने जुनापाणीला किती जण गेले असतील?

तिथे काय आहे? नुसते धोंडे. मात्र नीट पाहा, ते गोल मांडलेले आहेत. ही शिळावर्तुळे म्हणजे लोहयुगातल्या माणसांची दफने, दोन-अडीच हजार वर्षांहून जुनी. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली त्यांच्यावर लिहिले; १९६१च्या सुमारास थापरांनी त्यांतली काही खणली. पुढे १९७०नंतर जवळच्या माहुरझरीला शां. भा. देवांना दफनात घोड्याचे अवशेष सापडले, मुखावरच्या तांब्याच्या साजासकट!

एकदा विद्यार्थ्यांना घेऊन गेलो, तो ओळखीच्या एका वर्तुळातले चार धोंडे नाहीसे. कुणाच्या बांधाला लागले असतील. त्या माणसाला चोर कसे म्हणू? धोंडा म्हणजे कबर, हे त्याला आपण कधी सांगितले होते?

जाल तर सकाळीच जा. तिरप्या उन्हात काही धोंड्यांवर कोरलेले लहान लहान खळगे दिसतात. बोटाने चाचपताही येतात.