बारजीलखालची बिऱ्हाडे

ज्या मोत्यांना आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या 'बसराई' म्हणत आल्या, आणि ज्यांच्यावाचून नथ, तन्मणी वा चिंचपेटी यांना खानदानी अलंकाराची प्रतिष्ठा लाभत नसे, ते मोती बसऱ्यास पिकत नसत. आखाताच्या उथळ, उबदार पाण्यातील शिंपल्यांतून ते निघत, बसरा, बहारीन, लिंगा किंवा दुबई अशा कोणत्या तरी बंदरावरून गलबतात चढत, आणि मुंबईच्या मोतीबाजारात येऊन वजन होऊन, छिद्रे पडून, सरांत ओवले जाऊन मग जगभर जात. आज ज्या किनाऱ्यास संयुक्त अरब अमिरातींचा किनारा म्हणतात, त्याचा एके काळचा एकमेव मोठा उद्योग हा होता. आणि कापसाच्या गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबागेचे जे झाले, तेच मोत्यांचा व्यापार बुडाल्यावर दुबईच्या खाडीकाठी वसलेल्या जुन्या गावाचे झाले. उद्योग गेला, वस्ती उरली. वस्तीत निराळी माणसे आली. आणि पुढे जेव्हा त्या वस्तीचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा या निराळ्या माणसांना तेथून उठावे लागले. ही कथा मला सांगावीशी वाटते ती त्या मधल्या माणसांकरिता, कारण त्यांत आपली माणसेही होती.

या किनाऱ्याशी मुंबईचा संबंध प्रथम तोफांच्या मार्गाने जडला. 1819 साली जनरल कीरच्या हाताखाली जी मोहीम रास-अल-खैम्यावर चालून गेली ती मुंबईहूनच निघाली होती, आणि 1820 चा तहनामा झाल्यावर या मुलखावरची देखरेख कित्येक वर्षे मुंबई सरकारच्या दप्तरातूनच चाले. 1835 साली येथील शेखांनी जो पहिला सागरी युद्धविराम मान्य केला, तो केवळ मोत्यांच्या हंगामापुरता होता, ही गोष्ट फार बोलकी आहे. परस्परांशी हाडवैर असलेल्या टोळ्यांनासुद्धा वर्षातून काही महिने शस्त्र खाली ठेवावे असे वाटण्याइतके या व्यापाराचे मोल होते. पुढे 1853 साली तो विराम कायमचा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थान सरकारच्या आज्ञेवरून लॉरिमर याने आखाताचे जे गॅझेटियर सिद्ध केले, त्यात या एवढ्याशा किनाऱ्यावरून मोत्यांसाठी जाणाऱ्या नावा सुमारे 1,200 आणि त्यांवरची माणसे सुमारे 22,000 अशी नोंद आहे.

त्या नावांवरची भाषा कोकणातल्या माणसास अगदीच परकी वाटू नये. नावेचा धनी तो नाखुदा, म्हणजे आपला नाखवा. खलाशी, बंदर, दलाल, सराफ हे शब्द तर दोन्ही काठांवर सारखेच नांदतात. आणि हंगामातून एखादाच हाती लागणारा थोर, गोल, निर्दोष मोती तिकडे 'दाना' म्हणून ओळखला जाई, जसा आपण मोत्याचा दाणा म्हणतो. नावांचे सागवान मलबारातून जाई. चलन तर रुपयाच होते: 1959 पर्यंत हिंदुस्थानचा नेहमीचा रुपया आणि त्यानंतर 1966 पर्यंत खास आखातासाठी छापलेला रुपया या किनाऱ्यावर चालत असे.

हंगाम उन्हाळ्याचा, सुमारे चार महिन्यांचा. पाणबुड्या (त्याला गैस म्हणत) नाकावर शिंगाचा वा कासवाच्या कवचाचा चिमटा लावी, बोटांना कातड्याची टोपणे चढवी, गळ्यात जाळीची पिशवी अडकवी, आणि पाय दगडाला बांधलेल्या दोरीच्या फासात घालून कधी कधी आठ-दहा वाव खोल उतरे. वर दुसरी दोरी हातात धरून त्याचा सोबती, सैब, उभा असे, आणि खालून हिसका आला की सारा जीव एकवटून तो ती वर ओढी. दिवसात अशा कित्येक बुड्या होत. पोटात खजुराचे चार दाणे आणि कॉफी याखेरीज सूर्यास्तापर्यंत काही नसे, कारण भरल्या पोटी बुडी मारवत नाही. हे कष्ट ज्याच्या नफ्यासाठी चालत तो तव्वाश, म्हणजे मोत्यांचा व्यापारी, तांबड्या कापडावर मोती पसरून भोकाभोकांच्या पितळी वाट्यांतून त्यांची प्रतवारी करीत बसे. हंगामापूर्वी नाखुदा पाणबुड्याला उचल देई, ती क्वचितच फिटे, आणि कर्जाची बाकी बापाकडून मुलाच्या अंगावर येई. बुडी मारणाऱ्यांत आफ्रिकेतून व बलुचिस्तानातून आणलेले गुलामही होते, आणि त्यांच्या कमाईवर मालकाचा हक्क असे. जुन्या मोत्यांची सर पाहताना हे विसरणे मला कधीच जमलेले नाही.

दुबईस या व्यापारात अग्रस्थान मिळाले ते मात्र शेजारच्या एका सरकारी चुकीमुळे. 1902 च्या सुमारास इराण सरकारने लिंगा बंदरावर जबर जकात बसवली. त्याच वेळी दुबईचे शासक शेख मकतूम बिन हशर यांनी आपल्या बंदरात जकात माफ केली आणि लिंग्याच्या व्यापाऱ्यांना खाडीकाठी जागा देऊ केल्या. बस्तक प्रांतातून आलेल्या या सुखवस्तू कुटुंबांनी जी वस्ती उभारली ती बस्तकिया. समुद्रातून काढलेल्या प्रवाळदगडाच्या भिंती, वर जिप्समचा गिलावा, मध्ये चौक, आणि माथ्यावर चारी दिशांचा वारा पकडून खालच्या दालनात सोडणारा चौकोनी मनोरा, ज्याला बारजील म्हणतात. मूळ फारसी शब्द बादगीर. छताला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आणलेल्या तिवराच्या दांड्या असत, आणि त्या जेवढ्या लांब तेवढीच खोलीची रुंदी, म्हणून श्रीमंताच्या हवेलीतही खोल्या लांबट आणि अरुंदच. भिंतीचा गिलावा जेथे निघाला आहे तेथे जवळ जाऊन पाहिले तर दगडात प्रवाळाची बारीक बारीक फुले स्पष्ट दिसतात.

1920 नंतर जपानी मिकिमोटोचे संवर्धित मोती बाजारात आले, 1929 च्या जागतिक मंदीने चैनीच्या वस्तूंचे गिऱ्हाईकच नाहीसे केले, आणि दहा-वीस वर्षांत हा शतकानुशतकांचा उद्योग भुईसपाट झाला. त्याचे सामाजिक परिणाम केवळ उपासमारीपुरते नव्हते. व्यापाऱ्यांची पत गेली, नाखुदे बुडाले, आणि ज्यांच्या कर्जावर सारी समाजरचना तोलली होती ते पाणबुडे एका अर्थाने मोकळे झाले, तरी त्या मोकळेपणात खायला काही नव्हते. 1938 साली दुबईच्या व्यापाऱ्यांनी शासकाकडून मजलिस, म्हणजे सभा, मिळवली, जकातीच्या उत्पन्नाचा हिशेब मागितला, गावासाठी नगरसंस्थेची व शिक्षणाची योजना आखली. परंतु पुढच्या वर्षी मार्चमध्ये ती मजलिस बळाने मोडून काढण्यात आली. उद्योग बुडालेल्या गावात राजकीय जाणीव जागी होते, हे गिरणगावच्या इतिहासाने आपल्याला पुढे चांगलेच शिकवले. दुबईत ते आधी घडून गेले होते.

त्यानंतर जे गाव पुन्हा उभे राहिले ते तेलावर नव्हे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. दुबईस तेल सापडले 1966 साली. त्यापूर्वीच तेव्हाचे शासक शेख राशिद यांनी कुवेतकडून कर्ज काढून 1959 ते 1961 या काळात गाळाने भरत आलेली खाडी उपसून खोल केली होती, आणि मोत्यांच्या ओसाड पेठेत सोन्याची पेठ भरू लागली होती. दुबईत सोने आणणे-नेणे कायदेशीर होते. आपल्याकडे मात्र त्यावर निर्बंध होते, आणि दहा तोळ्यांची बिस्किटे कोकणच्या किनाऱ्यावर कशी उतरत हे त्या पिढीच्या लोकांना सांगावयास नको. पूर्वी ज्या वाटेने मोती मुंबईस येत, त्याच वाटेने आता सोने येऊ लागले.

जुन्या वस्तीतील मूळ कुटुंबे याच सुमारास तेथून निघू लागली. वीज आली, मोटारी आल्या, जुमैरासारख्या नव्या भागांत ऐसपैस बंगले झाले. अरुंद गल्लीतल्या, मोटार न शिरणाऱ्या प्रवाळी घरात राहण्यात त्यांना स्वारस्य राहिले नाही. घरे ओस पडू दिली असती तर खारट वाऱ्याने ती पाच-दहा पावसाळ्यांत कोसळली असती. परंतु ती भाड्याने गेली. काही वखारी झाल्या. आणि उरलेल्यांत केरळ, सिंध, पंजाब, गुजरात आणि आपल्या रत्नागिरी-रायगडमधून आलेल्या माणसांची बिऱ्हाडे थाटली गेली. व्यापाऱ्याच्या मजलिशीत, म्हणजे बैठकीच्या दालनात, सात-आठ खाटा पडल्या, बारजीलचे तोंड प्लायवूडने बंद करून खिडकीत वातानुकूलनाचे यंत्र बसले, चौकात दोऱ्या बांधून कपडे वाळू लागले. जवळच, 1958 पासून, मशिदीशेजारच्या बोळात मंदिर होते; तेथे संध्याकाळी गजऱ्यांचा वास येई.

माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ, मूळचे चिपळूणकडचे, 1970 च्या दशकात अशाच एका घरात चार वर्षे राहिले. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांचे म्हणणे असे की घर कोणाचे, कधीचे, याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. त्यांना एवढेच ठाऊक होते की भाडे महिन्याच्या पाच तारखेस द्यावयाचे, पाणी पहाटे भरून ठेवावयाचे, आणि शुक्रवारी कोणीतरी एकाने मटण आणावयाचे. गिलावा पडला की तेच सिमेंटने बुजवीत. जाणकार वास्तुशास्त्रज्ञ त्या सिमेंटाबद्दल आज हळहळतात, कारण त्याने प्रवाळाची भिंत घुसमटते. ती हळहळ यथार्थ आहे. तथापि त्या सिमेंटानेच भिंत तेवढी वर्षे उभी राहिली, हेही तितकेच खरे आहे.

1980 च्या दशकात शासकाच्या दिवाणाचा, म्हणजे दरबारी कचेरीचा, विस्तार करण्यासाठी बस्तकियाचा जवळजवळ अर्धा भाग पाडण्यात आला. उरलेलाही जायचाच होता. परंतु तेथेच राहणाऱ्या रेनर ऑटर नामक एका ब्रिटिश वास्तुविशारदाने ती वस्ती वाचावी म्हणून चळवळ चालवली, 1989 साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स तेथे आले असता त्यांनी ती घरे जपली जावीत असे मत दिले, आणि पाडकाम थांबले. पुढे दुबई नगरपालिकेने पन्नासाहून अधिक घरांचा जीर्णोद्धार केला. सिमेंट खरवडून काढले, जिप्सम लावले, बारजील मोकळे केले. आणि 2012 साली वस्तीचे नाव अल फहिदी ऐतिहासिक वस्ती असे झाले. आज तेथे चित्रदालने, संग्रहालये, उपाहारगृहे आहेत, गल्ल्या स्वच्छ आहेत, आणि संध्याकाळच्या उन्हात त्या भिंती खरोखर सुंदर दिसतात. हे काम झाले नसते तर आज तेथे एकही प्रवाळी भिंत उभी नसती. ज्यांनी ते केले त्यांच्याविषयी माझ्या मनात निखळ कृतज्ञता आहे.

परंतु जीर्णोद्धार म्हणजे घर एका विशिष्ट वर्षाकडे परत नेणे, आणि ते वर्ष कोणते हे कोणीतरी ठरवावे लागते. येथे ते 1930 च्या आधीचे ठरले. पाट्यांवर व्यापारी आहे, त्याची मजलिस आहे, बारजील आहे. त्यानंतरची वर्षे, जेव्हा त्याच छताखाली शेकडो परप्रांतीयांनी आयुष्याची उमेदीची वर्षे काढली आणि दरमहा आपल्या गावी मनीऑर्डरी पाठवल्या, ती घराच्या चरित्रातून गळून पडली आहेत. भाडेकरू कामगारवस्त्यांत गेले, शहराच्या पार कडेला. मंदिर जबल अलीस नवे बांधले गेले, ते 2022 च्या दसऱ्याच्या सुमारास उघडले, आणि 2024 च्या जानेवारीत बोळातले जुने मंदिर बंद झाले. नवे मंदिर प्रशस्त आहे. पण ज्या बोळात कामावरून परतताना सहज डोकावता येई, तो बोळ आता कोणाच्याच वाटेवर नाही.

मुंबईतही याहून निराळे झाले नाही. 1982 च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांचे गिरणगाव विस्कटले, 1991 व 2001 च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या झाल्या, आणि धुराड्यांच्या पायथ्याशी मॉल उभे राहिले. याउलट बहारीनच्या मुहर्रक गावी, 2012 साली जागतिक वारसा म्हणून मान्य झालेल्या मोतीमार्गात तीन शिंपल्यांची क्षेत्रे व सतरा इमारती आहेत, आणि त्यांत थोर व्यापाऱ्यांच्या हवेल्यांच्या पंगतीस एका पाणबुड्याचे लहानसे घरही बसवले आहे. ती कल्पना ज्याला सुचली त्याला मोत्यांचा इतिहास समजला असे मी म्हणेन. भाडेकरूंच्या खोलीला असा मान अजून या आखातात कोठे मिळालेला माझ्या पाहण्यात नाही.

दोन वर्षांपूर्वी काका दुबईस मुलाकडे आले असता आम्ही त्यांना अब्रा नावाच्या होडीतून, एक दिरहम देऊन, खाडीपलीकडून त्या वस्तीत नेले. पुष्कळ हिंडल्यावर त्यांना आपले घर सापडले; आता तेथे चित्रे मांडली होती. ते आत शिरले, चित्रांकडे न पाहता थेट खोलीच्या एका कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि मान वर करून छताच्या दांड्या मोजू लागले. उकाड्याने झोप येत नसे तेव्हा ते रोज त्या मोजीत. "सव्वीस," ते म्हणाले. "तेव्हाही सव्वीसच होत्या." तेथल्या राखणदाराने, तो तरुण केरळी होता, हिंदीत विचारले की तुम्ही पूर्वी इथे आला होतात का. काकांनी त्याला आपली खाट कोठे होती ते हाताने दाखवले, आणि मग तो तरुणही त्यांच्याजवळ येऊन, मान वर करून, एकेक दांडी मोजू लागला.