पुनर्विक्रीचा धंदा : कालचा आणि आजचा

कोल्हापुराहून रत्नागिरीच्या सडकेनें निघालें, कीं पन्हाळा मागें टाकून बांबवड्यावरून आपण मलकापुरास येतों. येथून पुढें आंब्याचा घाट, आणि घाटाखालीं कोंकण. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचें हें ठाणें. १८४४ सालीं गडकऱ्यांचा उठाव मोडल्यावर इंग्रजांनीं विशाळगडाची तटबंदी पाडली व जहागिरीचा कारभार गडावरून मलकापुरास आला. इतिहासाच्या ग्रंथांत या गांवाचें नांव येतें तें बहुधा एवढ्यापुरतेंच. परंतु आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें जहागिरदारांविषयीं नव्हे. अशा घाटवाटेवरच्या पेठेंत आठवड्याच्या बाजारीं गोणपाट पसरून बसणाऱ्या एका सामान्य माणसाविषयीं मी बोलणार आहें. हा माणूस शेतांत कांहीं पिकवीत नाहीं, हातानें कांहीं घडवीत नाहीं. एकापासून घ्यावें आणि दुसऱ्यास विकावें, एवढाच त्याचा उद्योग. माल कधीं नवा व किरकोळ, कधीं कोणी वापरून टाकलेला. आज हाच मनुष्य मोबाइलच्या पडद्यावर दुकान मांडून बसला आहे. म्हणून त्याच्या वंशावळीकडे एकदां पाहणें अगत्याचें झालें आहे.

आपल्या समाजानें या माणसास कधीं मोठा मान दिला नाहीं. शेतकरी जगाचा पोशिंदा, कारागीर गांवाचा बलुतेदार. हा मधला मात्र आयत्या बिळावरचा नागोबा, असा आपला समज. तो कितपत खरा आहे? मीठ कोंकणच्या किनाऱ्यावर पिकतें, गूळ घाटावर होतो. जेथें मीठ पिकतें तेथें त्याची मातबरी नाहीं, आणि जेथें गुऱ्हाळें चालतात तेथें गुळाचें नवल नाहीं. लमाणांचे बैलांचे तांडे घाट चढत-उतरत हे जिन्नस इकडचे तिकडे नेत. मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई. गूळ, मिरची, धान्य खालीं जाई. गोणींतील मीठ वाटेंत कणभरहि वाढलें नाहीं, वाढली ती त्याची किंमत. ती किंमत बैलाच्या वैरणीची, घाटांतील जोखमीची, आणि सर्वांत अधिक म्हणजे माहितीची होती. कोणती वस्तु कोठें नकोशी आहे आणि कोठें हवीशी आहे, हें जाणणें हेंच या धंद्याचें खरें भांडवल.

नव्या मालाची ही गोष्ट झाली. जुन्या मालाचा व्यवहार याहून नाजूक. आपल्या आजीच्या काळीं घरांतून वस्तु सहसा फेकली जात नसे. पितळेचें भांडें फुटलें, कीं तें कासाराकडे मोडीच्या भावानें जाई व तेवढी रक्कम नव्या भांड्याच्या किंमतींतून वजा होई. जुनीं जरीचीं लुगडीं घेणारे दारावर येत. ते जर जाळून तिच्यांतील चांदी वेगळी काढीत. आणि दुपारच्या निवांत वेळीं डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण हांक देई. मुंबईंत हा धंदा करणाऱ्या स्त्रियांपैकीं पुष्कळशा गुजरातेंतून आलेल्या, पूर्वीं वाघरी व आतां देवीपूजक म्हणविणाऱ्या समाजांतील होत्या. ओट्यावर चालणारा तो सौदा ज्यांनीं पाहिला, त्यांस तो विसरतां यावयाचा नाहीं. गृहिणीनें दोन लुगडीं आणि एक कोट पुढें टाकावा. बोहारणीनें कापड उजेडाकडे धरून विरलेली जागा बोटानें दाखवावी व पातेल्याऐवजीं वाटी पुढें सरकवावी. गृहिणीनें आंत जाऊन आणखी एक सदरा आणावा. आणि अर्ध्या घटकेनें दोघींनींहि आपणच जिंकलों असें समजून उठावें. पुढें तें कापड धुऊन, शिवून गरिबाच्या अंगावर जाई. अगदींच नेसण्याजोगें नसेल तें यंत्रें पुसण्याच्या चिंध्या होऊन कारखान्यांत जाई. जुन्या लोकरी कपड्यांचे तर पानिपतच्या कारखान्यांत धागे पिंजून पुन्हां कांबळीं विणतात. वस्तूचें एक आयुष्य संपतें तेथें दुसरें सुरू करून देणारी ही माणसें.

शहरांत या व्यवहारानें पेठाच वसविल्या. मुंबईंतील मटन स्ट्रीटचा चोरबाजार सर्वांस ठाऊक आहे. मूळ नांव 'शोरबाजार', म्हणजे गलबल्याचा बाजार, असें सांगतात; व्युत्पत्ति खरी असो वा नसो, तेथील गलबला खरा. पुण्याचा जुना बाजार बुधवारीं व रविवारीं भरतो. तेथें गंजलेल्या पान्यापासून जुन्या घड्याळापर्यंत सर्व कांहीं जमिनीवर मांडलेलें असतें, आणि दर्दी लोक सकाळीं लवकर येऊन तें निरखीत हिंडतात. या बाजारांत लेखी हमी नव्हती. पावतीहि बहुधा नसे. मग व्यवहार चालत होता कशावर? ओळखीवर. घड्याळ दोन दिवसांत बंद पडलें, तर विकणारा पुढच्या बाजारीं त्याच जागीं बसलेला सांपडेल, ही गिऱ्हाइकाची खातरी होती. फसविणाऱ्यास आपली जागा गमवावी लागे, आणि जागा गेली कीं पोट गेलें. जागा ठरलेली व चेहरा माहितीचा, हीच त्या काळची हमी.

आतां प्रश्न असा, कीं विकणारा आणि घेणारा यांनीं एकमेकांस कधीं पाहिलेंच नसेल तर ही हमी कोणी द्यावी? या प्रश्नाचें पहिलें मोठें उत्तर आपल्या देशांत टपालखात्यानें दिलें. १८७७ सालीं व्हॅल्यू पेएबल पोस्टाची, म्हणजे आपल्या परिचयाच्या 'व्ही. पी.'ची पद्धति सुरू झाली. १८८० सालीं मनीऑर्डर आली. विक्रेत्यानें पार्सल पोस्टांत टाकावें, पोस्टमननें तें घरीं नेऊन पैसे घ्यावे, आणि ते पैसे विक्रेत्याकडे पोंचवावे. दरम्यान १८९१ सालीं कोल्हापूर-मिरज आगगाडी सुरू झाली, आणि १८९५ सालीं शाहू महाराजांनीं शाहूपुरीची पेठ वसवून कोल्हापूरच्या गुळाच्या व्यापारास हक्काची जागा करून दिली. मासिकांच्या पाठपानावरील जाहिरात वाचून घड्याळें, औषधें, पुस्तकें खेड्यापाड्यांतून व्ही. पी.नें मागविलीं जाऊं लागलीं. पण एक दुखणें तेव्हांपासूनच जडलें. गिऱ्हाईक पार्सल नाकारी, आणि जाण्यायेण्याचा खर्च विक्रेत्याच्या माथीं बसे. २०१० सालीं फ्लिपकार्टनें माल हातीं आल्यावर पैसे देण्याची सोय केली, तेव्हां पुष्कळांस ती नवी युक्ति वाटली. ती व्ही. पी.चीच नात होती, आणि आजीचें दुखणें तिच्याकडे वारशानें आलें होतें.

ऑनलाइन पुनर्विक्रीच्या आरंभींच्या बाजारांपैकीं एक अमेरिकेंत १९९५ च्या सप्टेंबरांत निघाला. पिएर ओमिड्यार या गृहस्थानें लिलावाचें एक संकेतस्थळ काढलें. त्याचेंच पुढें ईबे झालें. तेथें पहिली विकली गेलेली वस्तु म्हणजे एक बिघडलेला लेसर पॉइंटर. तो १४ डॉलर ८३ सेंटांस गेला. वस्तु मोडकी आहे हें आपल्या ध्यानांत आलें ना, असें ओमिड्यारनें घेणाऱ्यास विचारलें, तेव्हां मी मोडके लेसर पॉइंटरच जमवितों, असें उत्तर आलें. घाटाखालचें मीठ घाटावर नेणाऱ्या लमाणास ही गोष्ट सांगितली असती, तर त्यास तिचें मुळींच नवल वाटलें नसतें. एकास नको तें दुसऱ्यास हवें असतें. त्या दुसऱ्याचा पत्ता लागला म्हणजे झालें.

मुंबईंत २००० सालीं 'बाझी' या नांवानें असाच बाजार निघाला आणि २००४ सालीं ईबेनें तो विकत घेतला. याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथें एक अश्लील चित्रफीत विक्रीस लावली गेल्याचें उघडकीस आलें आणि बाजार चालविणाऱ्या अधिकाऱ्यास अटक झाली. आठवडी बाजारांत कोणी चोरीचा माल विकला तर बाजाराच्या मालकास कोणी धरीत नाहीं. मग येथें कां? हा वाद पुष्कळ गाजला. पुढें २००८ च्या दुरुस्तीनें माहिती तंत्रज्ञान कायद्यांत, योग्य ती दक्षता घेणाऱ्या मध्यस्थास दुसऱ्याच्या अपराधाबद्दल संरक्षण देण्यांत आलें. शेवटीं १४ ऑगस्ट २०१८ रोजीं ईबेचा भारतांतील हा बाजार बंद झाला. मालकांनीं व्यापाराचा हिशेब केला व दार लावलें. यांत बेकायदा कांहीं नव्हतें. पण त्या बाजारांत जुनीं नाणीं, तिकिटें, पुस्तकें विकून ज्यांनीं वर्षानुवर्षें नांव मिळविलें होतें, त्यांचें नांव त्या दाराआंतच राहिलें. गिऱ्हाइकांनीं त्यांस दिलेले शेरे दुसऱ्या बाजारांत नेतां येत नव्हते.

तोंपर्यंत घरांतल्या स्त्रियांच्या हातीं एक नवें साधन आलें होतें. २०१५ सालीं बंगळूरांत निघालेल्या मीशो या कंपनीनें घाऊक व्यापाऱ्यांच्या साड्या, कुडते, भांडीं यांचीं चित्रें स्त्रियांना पुरविलीं. त्यांनीं तीं व्हॉट्सॲपवरून नात्यागोत्यांत पाठवावीं, किंमतींत आपला नफा मिळवावा, आणि माल परस्पर गिऱ्हाइकाच्या घरीं जावा, अशी योजना होती. दुकानभाडें नाहीं, साठ्यांत पैसा अडकणें नाहीं. ओट्यावर बसून बोहारणीशीं घासाघीस करणाऱ्या गृहिणीची नात अशा रीतीनें स्वतःच विक्रेती झाली. तिचें भांडवल एकच, आणि तें म्हणजे तिच्या शब्दावरचा शेजारणींचा विश्वास. परंतु २०२१ च्या सुमारास हीच कंपनी गिऱ्हाइकांस थेट विकण्याकडे वळली. ज्या मधल्या बाईनें गिऱ्हाईक ओळखीचें करून दिलें, तिचीच गरज उणावूं लागली.

आतां या धंद्याचा रोजचा हिशेबहि पाहूं. समजा, मलकापुरांतील एका तरुणानें एक जुना कॅमेरा दोन हजारांस घेऊन तीन हजारांस विकावयास लावला. वरवर पाहतां नफा हजार रुपयांचा. त्यांतून बाजाराचा मोबदला, पेटी व वेष्टन, कुरिअर, आणि कॅमेरा पुसून-तपासून त्याचीं चित्रें काढण्यांत गेलेला दिवस वजा करावा. दहांपैकीं एक वस्तु परत आली, तर तिचा येण्याजाण्याचा भुर्दंड उरलेल्या नवांवर बसतो. जो हा हिशेब आधीं मांडतो तो टिकतो. जो विक्रीची रक्कम हीच कमाई समजतो, तो वर्षाच्या आंत गाशा गुंडाळतो. आणि वस्तूचें वैगुण्य लपवील तो त्याच्याहि आधीं. काचेवर ओरखडा असेल तर त्याचें चित्र प्रथम दाखवावें, हें अनुभवी विक्रेते जाणतात. बोहारीण विरलेली जागा दाखवी ती भाव पाडण्यासाठीं; आजचा विक्रेता ती दाखवितो माल परत येऊं नये म्हणून.

कायद्यानेंहि या माणसास फार दिवस परकें मानलें. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. पेठेंतील लहान दुकानदारास ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणी माफ होती. तोच माल ऑनलाइन बाजारांत विकणाऱ्यास मात्र पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची झाली. हा भेद १ ऑक्टोबर २०२३ पासून कांहीं अंशीं मिटला. नियत मर्यादेच्या आंत आणि आपल्याच राज्यांत विकणाऱ्यास आतां सवलत आहे. म्हणजे मलकापूरच्या लहान विक्रेत्यानें ऑनलाइन बाजारांतून आपला माल घाट उतरून रत्नागिरीस पाठविला तर नोंदणी नको. बेळगांवास पाठविला तर हवी. जुन्या मालाच्या बाबतींत एक शहाणपणाचा नियम मात्र प्रथमपासून आहे. वापरलेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास, ठरविलेल्या अटी पाळल्यास, पुऱ्या किंमतीवर नव्हे, तर खरेदी-विक्रीच्या फरकावरच कर भरण्याची मुभा आहे. वस्तूवर एकदां कर बसलेला आहे, मधल्या माणसानें मिळविला तो फरक, हें येथें कायद्यानें ओळखलें.

श्रोते हो, लमाणाच्या तांड्यापासून मोबाइलपर्यंत हा धंदा आंतून फारसा बदललेला नाहीं. माहिती, पारख आणि शब्दाची किंमत यांवर तो पूर्वीं चालला व आजहि चालतो. बदलली ती बाजाराच्या जागेची मालकी. मलकापूरच्या आठवडी बाजाराची जागा गांवाची. चार पैसे पट्टी भरली, कीं गोणपाट पसरण्याचा हक्क मिळतो, आणि जागेबद्दल कांहीं तक्रार असली तर ती कोणाकडे न्यावी हें ठाऊक असतें. पडद्यावरचा बाजार अफाट आहे. त्याच्यायोगें घाटवाटेवरच्या मुलास गुवाहाटीचें गिऱ्हाईक मिळूं शकतें, आणि हा लाभ थोडा नव्हे. परंतु ती जागा दुसऱ्याची आहे. पट्टी किती घ्यावी, कोणास पुढें बसवावें, दार केव्हां लावावें, हें तिचा मालक ठरवितो.

शाहू महाराजांनीं शाहूपुरी वसविली, तेव्हां व्यापारास जागा देणें हें राज्यकर्त्याचें काम आहे असें त्यांनीं मानलें. हाच विचार पडद्यावरच्या पेठेविषयींहि केव्हांतरी करावा लागेल. तोंपर्यंत या धंद्यांत उतरणाऱ्यांनीं जुन्या फेरीवाल्याची एक संवय सोडूं नये. त्याच्या कनवटीस एक लहानशी वही असे. कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं, काय दिलें आणि त्यांस पुढें काय लागेल, हें तो तिच्यांत टिपून ठेवी. बाजार मोडला तरी वही त्याच्यापाशीं राही, आणि ती घेऊन तो दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या गांवची वाट धरी.