प्रवेश-अर्जातील एक रकाना आणि त्याचा इतिहास



बारावीचे वर्ष जवळ आले, की आपल्या घराघरांतून अलीकडे एक नवा प्रश्न ऐकू येतो. "मुलाला परदेशी विद्यापीठात पाठवायचे तर नुसते गुण पुरत नाहीत म्हणे. खेळ, वक्तृत्व, समाजसेवा असे काहीतरी लागते. मग त्याला कुठल्या क्लासला घालावे?" प्रश्न काळजीपोटी विचारलेला असतो आणि त्यामागे कष्टाचा पैसा असतो. म्हणून उत्तर शोधण्यापूर्वी हा अभ्यासेतर उपक्रमांचा रकाना अर्जात आला कोठून, तो कोणी घातला आणि कशासाठी घातला, हे पाहणे अगत्याचे आहे. त्याचा इतिहास कळला, की निवड करणे पुष्कळ सोपे जाईल.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. वैद्यकीय प्रवेशाची नीट, आयआयटीची जेईई किंवा महाराष्ट्रातील अभियांत्रिकीची सीईटी यांची गुणवत्ता यादी परीक्षेच्या गुणांवर लागते. तेथे वादविवादाची ढाल किंवा शिबिराचे प्रमाणपत्र कोणी विचारीत नाही. हा रकाना खऱ्या अर्थाने अमेरिकेचा आहे, आणि त्याची कथाही तिकडचीच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्ड विद्यापीठाचे दार मुख्यतः लेखी परीक्षेने उघडत असे. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला बहुधा प्रवेश मिळे. त्याच सुमारास पूर्व युरोपातील छळ व दारिद्र्य यांना कंटाळून लाखो ज्यू माणसे अमेरिकेत येऊन राहिली होती. आईबाप शिवणकाम करीत, फेरीवर माल विकत, लहानसे दुकान चालवीत. मुले सरकारी शाळांत शिकत आणि परीक्षेत वरचे क्रमांक पटकावीत. १९०० च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी सुमारे ७ टक्के होते. १९२२ पर्यंत ते २१ टक्क्यांवर गेले.

हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल यांना ही वाढ खुपू लागली. त्यांनी १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा घालावी असे सुचविले. त्याच वर्षीच्या अर्जात उमेदवाराचा धर्म, आईचे माहेरचे नाव, वडिलांचे जन्मस्थान आणि कुटुंबाने आपले नाव कधी बदलले आहे काय, असे प्रश्न आले. हे प्रश्न कोणाला ओळखून काढण्यासाठी होते, हे सांगण्याची गरज नाही. या सूचनेवरून मोठा गदारोळ झाला आणि १९२३ मध्ये प्राध्यापकांच्या समितीने उघड टक्केवारी ठरविण्यास नकार दिला. ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण मात्र वाढतच राहिले. १९२५ मध्ये ते पाव हिश्श्याच्याही वर गेले.

मग १९२६ मध्ये दुसरी वाट काढण्यात आली. पहिल्या वर्षाची संख्या एक हजारावर मर्यादित करण्यात आली आणि निवड करताना गुणांबरोबर 'चारित्र्य' व व्यक्तिमत्त्व यांचे वजन वाढविण्यात आले. अर्जासोबत छायाचित्र मागविले जाऊ लागले. नियमांत 'ज्यू' हा शब्द कोठेही नव्हता. तरीही काही वर्षांतच त्यांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास खाली आले. येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांनीही त्याच काळात अशाच मार्गाने आपली दारे अरुंद केली.

यात खेळ आणि मंडळे कोठून आली? ज्यू मुलांवर एक ठपका नेहमी ठेवला जाई. ही मुले पुस्तकी किडे आहेत, मैदानावर दिसत नाहीत, कोणत्या मंडळात नसतात, असे म्हटले जाई. वस्तुस्थिती अशी होती, की त्यांतील कितीतरी जण पैसे वाचावेत म्हणून घरीच राहून रोज ये-जा करीत, काही जण वर्ग सुटल्यावर कामाला जात, आणि मोठमोठ्या विद्यार्थी-मंडळांची दारे त्यांना बंदच असत. ज्या ओसरीवर बसू दिले नाही, तिच्यावर तुम्ही दिसत नाही, असा हा आरोप होता.

वाचकहो, दार बंद झाल्याने ती मुले शिकायची मात्र थांबली नाहीत. न्यूयॉर्कचे सिटी कॉलेज १८४७ साली सर्वसामान्यांच्या मुलांसाठी स्थापन झाले होते आणि १९७६ पर्यंत तेथे शिकवणीची फी नव्हती. परीक्षेच्या बळावर तेथे प्रवेश मिळे. तयार कपड्यांच्या धंद्यात काम करणाऱ्या बापाचा मुलगा जोनास साल्क १९३४ साली तेथून पदवीधर झाला. १९५५ मध्ये त्याच्या पोलिओच्या लसीला मान्यता मिळाली आणि जगभरच्या आयांनी सुटकेचा श्वास टाकला. ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगा. नामांकित दार म्हणजे एकमेव दार नव्हे.

काळ बदलला, उघड द्वेष ओसरला, पण उपक्रमांचा रकाना कायम राहिला. हार्वर्डविरुद्धच्या एका खटल्याची सुनावणी २०१८ मध्ये झाली, तेव्हा तेथील निवडीची आतली रीत जगासमोर आली. अभ्यास, अभ्यासेतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा चार बाबींत प्रत्येक उमेदवाराला श्रेणी दिली जात होती. अभ्यासात पुढे असलेल्या आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वाच्या श्रेणीत सरासरीने कमी लेखले गेले, हे आकड्यांवरून दिसले. त्याचा अर्थ काय लावायचा यावर कोर्टात वाद झाला. अखेर २९ जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत रद्द ठरविली. उपक्रमांचा विचार मात्र आजही होतो.

आता आपल्या घरातील एक उदाहरण पाहू. सर सय्यद अहमद खान १८६९-७० मध्ये इंग्लंडात राहून आले. तेथील केंब्रिजचे विद्यार्थी-जीवन त्यांनी पाहिले. १८७५ मध्ये त्यांनी अलीगढला शाळा सुरू केली आणि १८७७ मध्ये कॉलेजची कोनशिला बसली. तेथे मुले वसतिगृहात एकत्र राहत, क्रिकेट खेळत. १८८४ मध्ये प्राचार्य थिओडोर बेक यांच्या कारकिर्दीत वादविवादाचा युनियन क्लब निघाला. १८९० च्या सुमारास विद्यार्थ्यांनी 'अंजुमन-अल-फर्ज' हे मंडळ काढले आणि सुटीच्या दिवसांत फिरून गरीब विद्यार्थ्यांसाठी वर्गणी जमविली. पुढे खिलाफत चळवळीत देशभर गाजलेले मौलाना शौकत अली हे अलीगढच्या क्रिकेट संघाचे कप्तान होते.

हार्वर्ड आणि अलीगढ यांतील फरक पाहा. अलीगढमध्ये मुलगा दाराच्या आत आल्यावर खेळ, भाषण आणि खिदमत त्याला घडविण्यासाठी होती. हार्वर्डमध्ये १९२६ नंतर तीच गोष्ट दारावरच्या पहाऱ्याच्या कामी आली. उपक्रम माणसाला घडवतो, तोवर तो मोलाचा. दाराबाहेर दाखविण्यापुरता केला, की त्याचा नुसता जकातनाका होतो. ज्याच्याजवळ पैसा आहे, तो जकात भरून पुढे जातो आणि गरिबाचे पोर मागे राहते.

मग निवड कशी करावी? दार नसतेच, तरी जे काम मुलाने आवडीने केले असते, ते निवडावे.

अमेरिकेतील शेकडो महाविद्यालयांसाठी चालणाऱ्या 'कॉमन ॲप्लिकेशन' या सामाईक अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाचे वर्णन अवघ्या १५० अक्षरांत करावे लागते. दहाही जागा भरल्याच पाहिजेत असे मुळीच नाही. हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र विभागाने जानेवारी २०१६ मध्ये एक अहवाल काढला. दोन-तीन भरीव उपक्रम पुरेत, संख्येपेक्षा सातत्य पाहावे, आणि घरची जबाबदारी सांभाळणाऱ्या मुलांच्या कामाचीही दखल घ्यावी, असा त्याचा आशय होता. सामाईक अर्जाच्या यादीत 'कौटुंबिक जबाबदारी' आणि 'पगारी काम' असे प्रकारही आहेत.

हे आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. शाळा सुटल्यावर अब्बांच्या दुकानात हिशोब लिहिणारा मुलगा, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणारी मुलगी, आजारी आजीला दर आठवड्याला दवाखान्यात नेणारी नात, ही सारी मुले 'आम्ही काहीच करीत नाही' असे म्हणून तो रकाना कोरा सोडतात. कृपा करून तसे करू नका. काय केले, किती वर्षे केले, आठवड्याला किती तास दिले आणि त्यातून कोणाचे काय भले झाले, हे साध्या शब्दांत लिहा. लिहिताना एक शब्दही वाढवू नका. खोटे प्रमाणपत्र पकडले गेले, तर मिळालेला प्रवेशही जातो, आणि घराण्याचे नाव जाते ते वेगळेच.

मोहल्ल्यात वाचनालय नसेल, तर एका कपाटात पन्नास पुस्तके ठेवून ते सुरू करा आणि तीन वर्षे चालवा. चित्रकला, सुलेखन, कबड्डी, बैतबाजी, विज्ञानाचे प्रयोग, ज्यात मन रमेल ते धरा आणि सोडू नका. पालकांनी दोन गोष्टी पाळाव्यात. नेतृत्वाच्या नावाने हजारो रुपये घेणाऱ्या शिबिरांवर घरची पुंजी उधळू नये. आणि मुलाला मैदान व मुलीला फक्त स्वयंपाकघर, अशी वाटणी करू नये. तिलाही व्यासपीठ हवे, तिलाही खेळ हवा.

सर्वांत शेवटी, अभ्यासाला पर्याय नाही. गुण नसतील, तर उपक्रमांची लांबलचक यादीही दार उघडीत नाही. पण अभ्यासाच्या जोडीला मनापासून केलेले एखादे काम असेल, तर प्रवेश मिळो वा न मिळो, ते वाया जात नाही. अर्ज नाकारला गेला, तरी तीन वर्षे चालविलेले वाचनालय मोहल्ल्यात राहते, आणि ते चालविणारा मुलगाही पहिल्यापेक्षा मोठा झालेला असतो.