शाळेची घंटा आणि संगणकातला क्रॉन

शाळेत घंटा देणाऱ्या शिपाईमामांचे काम कधी बारकाईने पाहिले आहे का? समोर घड्याळ, भिंतीवर वेळापत्रक आणि हातात हातोडी. घड्याळ आणि वेळापत्रक जुळले की टोला द्यायचा. संगणकावर एखादा प्रोग्राम रोज ठरावीक वेळी आपोआप सुरू करण्याची प्रचलित पद्धत याहून फारशी वेगळी नाही. तो आपोआप बंद करणे मात्र बरेच अवघड आहे. असे का, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

सुरुवातीच्या काळात संगणकाला काम देण्यासाठी माणूस हजर असावा लागे. १९६०च्या दशकात एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची सोय झाली आणि कोणाच्याही आज्ञेची वाट न पाहता पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामांची गरज भासू लागली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६३च्या सुमारास अशा प्रोग्रामांना ‘डीमन’ हे नाव मिळाले. उष्मागतिकी शिकवणाऱ्यांना ते ओळखीचे वाटेल. रेणूंची अविरत निवड करणाऱ्या मॅक्सवेलच्या काल्पनिक राक्षसावरून ते घेतले होते. फाइलींच्या प्रती चुंबकीय फितीवर आपोआप उतरवून ठेवणे हे या डीमनांच्या पहिल्या कामांपैकी एक.

१९६९मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणक प्रणाली घडवायला सुरुवात केली. तिच्यातील वेळापत्रक सांभाळणाऱ्या डीमनाचे नाव ‘क्रॉन’. ग्रीक भाषेत काळाला ‘क्रोनोस’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. वेळापत्रकाच्या प्रत्येक ओळीत पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. त्यांच्यापुढे करावयाचे काम. ‘३० ७ * * १-५’ याचा अर्थ सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेसात वाजता. चांदणी म्हणजे ‘कोणताही’.

१९७९च्या सातव्या आवृत्तीतील क्रॉन अगदी साधा होता. दर मिनिटाला जागे व्हायचे, वेळापत्रक पाहायचे, जुळणारे काम सुरू करायचे आणि पुन्हा झोपायचे. वेळापत्रक एकच, त्यामुळे हे पुरत असे. पण अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शंभरेक जणांना ही सोय देऊन पाहिली, तेव्हा संगणकावर फार भार पडू लागला. एकाच शिपायाने शंभर शाळांची वेळापत्रके दर मिनिटाला चाळावीत, तसा हा प्रकार झाला.

तेथील रॉबर्ट ब्राऊन यांना यातून वाट सापडली ती १९७७च्या एका शोधनिबंधात. फ्रांटा आणि मॅली यांच्या त्या निबंधाचा विषय क्रॉन नव्हता. एकामागून एक घडणाऱ्या घटनांचे संगणकावर अनुकरण करताना घटनांची यादी कशी ठेवावी, एवढाच तो होता. ब्राऊन यांनी ओळखले की आपला प्रश्नही हाच आहे. सगळी कामे वेळेच्या क्रमाने एका यादीत लावायची. सर्वात आधीचे काम किती वेळाने आहे ते काढून तेवढा वेळ झोपायचे. जाग आल्यावर ते काम सुरू करायचे, त्याची पुढची वेळ काढून ते यादीत योग्य जागी पुन्हा घालायचे. आता दर मिनिटाला उठण्याची गरज उरली नाही. पुढे १९८७मध्ये पॉल व्हिक्सी यांनी सर्वांना मुक्तपणे वापरता येईल असा क्रॉन लिहिला आणि त्याचा मोठा प्रसार झाला.

आता बंद करण्याकडे वळू. युनिक्समध्ये चालू प्रोग्रामला क्रमांक दिलेले इशारे पाठवता येतात. १५ क्रमांकाचा इशारा म्हणजे ‘आता आवरते घ्या’ अशी विनंती. प्रोग्रामात तशी तरतूद असेल, तर तो हातातले काम नीट संपवून थांबतो. ९ क्रमांकाचा इशारा मात्र प्रोग्रामच्या कानी पडतच नाही. प्रणाली त्याला तिथल्या तिथे संपवते.

हा फरक मी नुकसान सोसून शिकलो. आमच्या प्रयोगशाळेत एका नमुन्याचे तापमान दर मिनिटाला नोंदवले जाई. क्रॉन सकाळी आठला प्रोग्राम सुरू करी आणि संध्याकाळी सहाला ९ क्रमांकाचा इशारा देऊन बंद करी. महिन्याने आमच्या विद्यार्थिनीने आलेख काढायला घेतले, तर रोजची नोंद ४ वाजून ३१ मिनिटांनी संपलेली! उपकरण ठीक होते, घड्याळही ठीक होते.

उत्तर साध्या भागाकारात मिळाले. प्रत्येक नोंद ३२ बाइटची. प्रोग्राम प्रत्येक नोंद लगेच चकतीवर लिहीत नसे. स्मृतीत ४,०९६ बाइट, म्हणजे १२८ नोंदी साठल्या की एकदम लिही. दिवसाच्या नोंदी ६००. त्यातले चार पूर्ण गठ्ठे, म्हणजे ५१२ नोंदी, चकतीवर जात. उरलेल्या ८८ स्मृतीत असतानाच प्रोग्राम संपवला जाई. नमुना थंड होत जाण्याची वेळ नेमकी तीच होती आणि तिला तोच भाग हवा होता. महिनाभराचा प्रयोग तिला पुन्हा करावा लागला. चूक तिची नव्हती, वेळापत्रक मी लिहिले होते.

त्यानंतर आम्ही १५ क्रमांकाचा इशारा मिळताच उरलेल्या नोंदी लिहून फाइल बंद करण्याची तरतूद प्रोग्रामात केली. वेळापत्रकात आधी १५, मग मिनिटभर थांबणे, आणि तरीही प्रोग्राम चालूच असेल तर ९, असा क्रम ठेवला.

सुरू करायला फक्त घड्याळ लागते. बंद करताना मात्र आत काय अर्धवट आहे हे विचारावे लागते, आणि ते घड्याळाला ठाऊक नसते. तास संपल्याचा टोला पडला तरी फळ्यावरचे गणित अर्धे टाकून आपण वर्गाबाहेर पडत नाही. शेवटची ओळ पूर्ण करतो, मुलांना ती उतरवून घेऊ देतो, मगच खडू खाली ठेवतो. प्रोग्रामलाही तेवढी सवड हवी, आणि ती आपणच लिहून ठेवावी लागते.

वर्गात एक प्रश्न जरूर द्या: नोंद ३२ऐवजी ६४ बाइटची असती, तर रोज किती नोंदी हरवल्या असत्या?