सरकत्या दातांची घाई

दात महिन्याकाठी साधारण एक मिलिमीटर सरकतो. तार स्वस्तातली असो की महागाची, डॉक्टर तालुक्याचा असो की मुंबईचा, या वेगात फारसा फरक पडत नाही. दात हाडात रुतलेला असतो. तारेचा दाब ज्या बाजूला पडतो तिथलं हाड झिजावं लागतं आणि मागे सुटलेल्या जागेत नवं हाड भरावं लागतं. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश दंतवैद्याने 1904-05 च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं. शिवाय जोर वाढवला म्हणून दात पळत नाही. दाब फार झाला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि दात उलट अडून बसतो.

म्हणूनच दातांना तार लावायची म्हणजे दीड-दोन वर्षांची बांधिलकी. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडणाऱ्या 2016 सालच्या एका आढाव्यात संपूर्ण उपचाराचा सरासरी काळ 19.9 महिने निघाला आणि दवाखान्याच्या फेऱ्या जवळपास 18. शहरातल्या माणसाला यातला महिन्यांचा आकडा बोचतो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत बोचतो तो दुसरा, फेऱ्यांचा.

शहापूरला निदान रेल्वे जवळ आहे. कल्याणहून निघालेला लोहमार्ग 1855 मध्ये वासिंदला पोचला, 1860 मध्ये आसनगावला आणि 1861 मध्ये कसाऱ्याला. आसनगाव हेच शहापूरचं स्टेशन. इथून निघालेली लोकल थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते, आणि शासकीय दंत महाविद्यालय तिथून जवळच, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे. अंतर मात्र पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास. मुरबाडकरांना एवढीही सोय नाही. टोकावडे किंवा धसईहून आधी मुरबाड, तिथून एसटीने कल्याण आणि मग लोकल. एका फेरीत मुलाचा शाळेचा दिवस बुडतो आणि सोबत आलेल्या आईचा किंवा बापाचा रोज. मग दात लवकर हलवण्याची युक्ती निघाली असं कानावर आलं, तर या भागातल्या माणसाने कान टवकारणं साहजिकच आहे.

अशा युक्त्यांचा इतिहास जुना आहे आणि सुरुवातीला चांगलाच आडदांड. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी 1728 मध्ये दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. वाकडा दात पेलिकन नावाच्या चिमट्याने हिसडा देऊन एका बैठकीत जागेवर आणायचा आणि शेजारच्या दातांना दोऱ्याने बांधून टाकायचा, असा उपाय त्यांनी सांगितला आहे. भूल देण्याचं शास्त्र जन्मायला तेव्हा शंभराहून जास्त वर्षं होती.

1893 मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय दंत परिषदेत जॉर्ज कनिंगहॅम यांनी याच कल्पनेला थोडी शिस्त लावली. दोन दातांमधलं हाड करवतीने कापायचं, दात हलवून जागी बसवायचा आणि हाड जुळेपर्यंत काही आठवडे तारेने किंवा धातूच्या पट्टीने बांधून ठेवायचा. दात मात्र तरीही झटक्यातच हलत होता.

खरं वळण आलं ते ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात. 1959 मध्ये हाइनरिश क्योले यांनी हिरडी बाजूला सारून मुळांच्या मधल्या हाडाचा फक्त वरचा टणक थर चिरला. मुळांच्या टोकांपलीकडे मात्र त्यांनी आडवा छेद आरपार घेतला. आतलं मऊ हाड आणि दाताचा रक्तपुरवठा त्यांनी शाबूत ठेवला. अडथळा असतो तो वरच्या कठीण कवचाचा, ते तोडलं की दात आपल्या हाडाच्या ठोकळ्यासकट सरकतो, असा त्यांचा तर्क होता. मोठे बदल सहा ते बारा आठवड्यांत झाल्याचं त्यांनी नोंदवलं. पण एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसायला किती जण तयार होणार? पद्धत मागे पडली. जपानच्या सुया यांनी तो आरपार छेद टाळून, फक्त वरचा थर चिरून तीनशेहून अधिक प्रौढांवर उपचार केले आणि 1991 मध्ये ते मांडले.

क्योलेंचं तंत्र टिकलं, तर्क टिकला नाही. दात लवकर का सरकतो याचं दुसरं उत्तर दातांच्या नव्हे, हाडांच्या डॉक्टरकडून आलं. हाड दुखावलं की त्या भागातली मोडतोड आणि बांधणी दोन्ही काही काळ कित्येक पटींनी वेगावतात, हे अमेरिकन अस्थितज्ज्ञ हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी 1983 मध्ये सविस्तर मांडलं. पाय मोडल्यावर हाड भरून काढणारी शरीराची जी धावपळ, तीच ही.

पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचे दोघे विल्को बंधू, एक हिरड्यांचा तज्ज्ञ आणि दुसरा तारांचा, यांनी हे दोन धागे जुळवले. आपल्या रुग्णांच्या सीटी स्कॅनमध्ये त्यांना सुटे ठोकळे दिसलेच नाहीत. दिसलं ते चुना कमी होऊन तात्पुरतं मऊ पडलेलं हाड. 2001 मध्ये त्यांनी हाडावरच्या चिरा आणि वरून हाडाच्या भुकटीचं कलम अशी पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचे पहिले रुग्ण साधारण सहा महिन्यांत तारांतून मोकळे झाले होते.

चीर पडणं महत्त्वाचं, तिची खोली नव्हे, हे कळल्यावर शस्त्र लहान होत गेलं. कोरियात हिरडी न उघडता पातळ पात्यावर हातोडीचे हलके ठोके देऊन हाडाला चीर पाडण्याची पद्धत निघाली. 2009 मध्ये बोस्टनचे सर्ज दिबार यांनी हिरडीला छोटे छेद देऊन श्राव्यातीत कंपनांच्या पात्याने हाड चिरायला सुरुवात केली. हे पातं हाड कापतं, मऊ भागाला सहसा इजा करत नाही. 2013 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी वीस जणांवर त्याहून सोपा प्रयोग केला. सुळ्यामागच्या हाडाला स्क्रूसारख्या हत्याराने तीन बारीक भोकं पाडली. पहिल्या 28 दिवसांत सुळा 2.3 पट वेगाने सरकल्याचं त्यांनी सांगितलं. जागेवर भूल, काही मिनिटांचं काम, टाके नाहीत.

एवढं सोपं झाल्यावर ते जगभर पसरलं, आणि भारतातल्या दंत महाविद्यालयांतही त्यावर अभ्यास झाले. मुंबईत दंतवैद्यकाची मुळं जुनी आहेत. नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय 1933 चं, आणि वाकड्या दातांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना 1965 मध्ये मुंबईतच स्थापन झाली.

पुढच्या चाचण्यांनी मात्र उत्साह आवरता घ्यायला लावला. उपचारांचे पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2015 मध्ये शस्त्रक्रियेच्या साऱ्या पद्धती तपासल्या, तेव्हा भरवशाच्या निकषात बसल्या फक्त चार चाचण्या, रुग्ण मिळून 57. वेग थोडा वाढतो, पण पुरावा कच्चा, असा त्यांचा निष्कर्ष होता. तीन भोकांच्या पद्धतीवर जॉर्डनमध्ये झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर भोकं पाडलेल्या आणि न पाडलेल्या बाजूत फरकच आढळला नाही. फ्रॉस्ट यांनी सांगितलेली धावपळ चार-सहा महिन्यांत ओसरते, म्हणजे दोन वर्षांच्या उपचाराचा थोडाच भाग तिच्या कक्षेत येतो.

शहापूर-मुरबाडकरांच्या हिशोबातली खरी अडचण निराळीच आहे. हाड मऊ आहे तोवर त्याचा फायदा उठवायचा, तर तार दर दोन आठवड्यांनी बदलावी लागते. विल्को आणि दिबार या दोघांच्याही पद्धतीत हेच वेळापत्रक आहे. महिने घटतात, फेऱ्या दाटीवाटीने येतात. सहा महिन्यांत दर पंधरवड्याला गेलं तर बारा-तेरा फेऱ्या, शस्त्रक्रियेची आणि तिच्या तपासणीची वेगळी. अठराशी तुलना केली तर हाती उरतात तीन-चार, आणि खर्च वाढतो तो निराळाच. शिवाय हिरड्या निरोगी हव्यात, मिश्री किंवा तंबाखूची सवय नको, आणि दुखलं म्हणून आयब्युप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी घेतली, तर जी धावपळ मुद्दाम पेटवली तीच मंदावते.

फेऱ्या खऱ्या अर्थाने कमी करण्याची वाट दुसऱ्याच बाजूने खुली झाली. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला निकेल-टायटॅनियमचा लवचिक धातू जॉर्ज अँड्रिअसन यांनी 1970 च्या दशकात तारेसाठी वापरात आणला. स्टीलच्या तारेचा जोर लवकर संपतो. ही तार कित्येक आठवडे सौम्य, सारखा दाब देत राहते. त्यामुळे उपचाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात दोन भेटींमधलं अंतर सहा ते आठ आठवड्यांवर नेता येतं, हाडाला हात न लावता.

गावातल्या मुलापर्यंत आधी पोचायला हवी ती तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. अंगणवाडी आणि शाळांमध्ये जाणारी त्याची पथकं दातांचे आजार आणि दुभंगलेले ओठ-टाळू पाहतात. दुभंगलेल्या टाळूच्या मुलाला पुढे तारांचा उपचार बहुधा लागतोच, आणि तो काही वर्षं टप्प्याटप्प्याने चालतो. दुधाचे दात जाऊन पक्के येत असताना, आठ ते बाराच्या वयात, असं मूल तज्ज्ञाच्या नजरेस पडलं तर हाड मुळातच वाढतं असतं, आणि पुढे प्रौढपणी कराव्या लागणाऱ्या बऱ्याच खटपटी टळू शकतात.