एडीएचडीची शंका आहे? डॉक्टरांशी काय आणि कसे बोलावे : नांदेड-लातूरच्या तरुणांसाठी माहिती

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांत, अभ्यासिकांत आणि विहारांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना हे अभिवादन आहे आणि ते चालूच राहिले पाहिजे. पण त्याच सभागृहात एखादा तरुण किंवा तरुणी असते, जिला १८ तास सोडा, १८ मिनिटेही एका पानावर टिकता येत नाही. पुस्तक उघडे, डोळे ओळींवर, मन भलतीकडे. ती आळशी नसते. उलट रोज रात्री स्वतःला शिव्या देऊन झोपते की, बाबासाहेबांनी एवढे केले आणि मला एवढेही जमत नाही.

अशांपैकी काहींना एडीएचडी असू शकतो. काहींना दुसरेच काही असते. ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. आम्ही डॉक्टर नाही. पण डॉक्टरांपर्यंत कसे पोहोचावे, तिथे काय बोलावे आणि आपले हक्क कोणते, एवढी माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

एडीएचडी म्हणजे काय

लक्ष टिकवणे, हालचालीवर आणि उतावळेपणावर ताबा ठेवणे, कामाची आखणी करणे या गोष्टी मेंदूच्या विकासातील फरकामुळे सतत अवघड जाणे, म्हणजे एडीएचडी. तो लहानपणीच सुरू होतो. बऱ्याच जणांत मोठेपणीही राहतो, फक्त रूप बदलते. लहानपणी वर्गात पळणारे मूल मोठेपणी पळत नाही. त्याचे पाय हलत राहतात, दुसऱ्याचे वाक्य मध्येच तोडले जाते, अर्जाची शेवटची तारीख निघून जाते, गाडीची किल्ली रोज हरवते. जगभरातील अभ्यासांचा ढोबळ अंदाज असा की, प्रौढांपैकी साधारण २ ते ३ टक्के लोकांना हा त्रास असतो. तो घराण्यात चालत येण्याचे प्रमाणही मोठे आहे.

मुलींच्या बाबतीत तो लवकर ध्यानात येत नाही. त्यांच्यात अनेकदा दंगा नसतो, नुसते हरवलेपण असते. शांत बसलेल्या मुलीबद्दल शाळा तक्रार करत नाही, घरचे ‘धांदरट आहे’ म्हणून सोडून देतात.

डॉक्टर काय पाहतात

एडीएचडी दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. सीटी स्कॅन, एमआरआय किंवा ईईजीनेही तो ठरत नाही. निदान बोलण्यातून आणि जुन्या माहितीवरून होते. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निकषांत लक्षणांच्या दोन याद्या आहेत : एक लक्ष न टिकण्याची, दुसरी चंचलपणा व उतावळेपणाची. प्रत्येकीत ९ लक्षणे. वय १७ किंवा त्याहून जास्त असेल तर एका यादीतली किमान ५ लक्षणे लागतात. त्याशिवाय :

- लक्षणे किमान ६ महिने टिकलेली असावीत.
- त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावीत.
- त्रास एकाच जागी नसावा. घर, कॉलेज, काम यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसावा.
- त्यामुळे जगण्यात, शिक्षणात किंवा कामात खरे नुकसान होत असावे.
- दुसऱ्या आजाराने तो जास्त नीट समजत नसावा.

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नैराश्य, चिंता, अपुरी झोप, घोरण्यासह झोपेत श्वास अडकणे, थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, दारू किंवा इतर नशा या सगळ्यांत लक्ष उडते. लातूर पॅटर्नच्या शिकवणीत पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या, चार-पाच तास झोपणाऱ्या मुलाचे लक्ष उडाले तर आधी झोप पाहावी लागते. स्पर्धा परीक्षेत दोन-तीनदा अपयश आल्यावर सुरू झालेले विसराळूपण बहुधा एडीएचडी नसते. लक्षणे कधी सुरू झाली, हा प्रश्न म्हणून कळीचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने तयार झालेली एएसआरएस ही १८ प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिचे पहिले ६ प्रश्न चाळणीसाठी वापरतात. ती भरून नेता येते. पण ती चाळणीच आहे. मोबाइलवर गुण जास्त आले म्हणजे निदान झाले असे नाही.

कोणाकडे जावे

निदान आणि औषध या दोन्हींसाठी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि समुपदेशन करतात, औषध लिहून देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये. ‘मेंदूचे डॉक्टर’ म्हणून अनेकजण थेट न्यूरोलॉजिस्टकडे जातात आणि महागड्या स्कॅनवर पैसे घालवतात. त्याची पहिल्या पायरीवर गरज नसते.

नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय विष्णुपुरीला आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्याच परिसरात. शहरात श्री गुरु गोविंदसिंघजी स्मारक जिल्हा रुग्णालय आहे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. केसपेपर काढताना ‘मानसोपचार विभाग’ असे स्पष्ट सांगावे. सकाळी लवकर गेलेले बरे. तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांनी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक कोणत्या दिवशी येते, ते विचारावे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याकडे आहेत, तिथे केसपेपरचे थोडे पैसे लागू शकतात. आधी फोनवर बोलायचे असेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे : १४४१६. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, २४ तास असते, मराठीत बोलता येते.

जाण्यापूर्वीची तयारी

सरकारी ओपीडीत गर्दी असते. डॉक्टरांना तुमच्यासाठी काही मिनिटेच मिळतात. ज्याचे मन भरकटते तोच तिथे नेमके सांगायचे विसरतो. म्हणून एका पानावर लिहून न्या :

१. आजचा त्रास, उदाहरणांसह. ‘लक्ष लागत नाही’ एवढे पुरेसे नाही. ‘शिष्यवृत्तीचा अर्ज दोन वर्षे मुदतीत भरला नाही’, ‘गॅसवर दूध ठेवून विसरतो, आठवड्यातून तीनदा’, ‘दुकानाच्या हिशोबात चुका होतात म्हणून मालकाने काढले’ असे लिहा.

२. लहानपण. जुनी प्रगतिपुस्तके, त्यावरचे शेरे. आई, मोठी बहीण, मामा, कोणीतरी जुने सोबत असेल तर उत्तम. आई शिकलेली नसेल तर शाळेतले तिला सांगता येणार नाही, पण घरातले सांगता येते : पाणी आणायला गेला की कुठे रमायचा, जेवताना किती वेळा उठायचा. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात वाढलेल्यांनी जुन्या गुरुजींना किंवा सोबतच्या मित्राला विचारावे.

३. शाळा तुटली असेल तर तेही. आईवडील ऊसतोडीला जात असतील आणि दरवर्षी अर्धे वर्ष शाळा बुडाली असेल, तर अभ्यासात मागे पडण्याचे ते स्वतंत्र कारण आहे. वर्गात जातीवरून वेगळे बसवले असेल, अपमान झाला असेल, तर त्याचाही मनावर आणि लक्षावर परिणाम होतो. हे लपवू नका. निदान बरोबर होण्यासाठी डॉक्टरांना ते कळले पाहिजे.

४. झोप, नशा, इतर औषधे. गुटखा, दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, जे असेल ते खरे सांगा. घरात कोणाला हृदयविकार, फिट्स, मानसिक आजार असल्यास तेही.

५. आत्महत्येचा विचार येतो का. येत असेल तर सगळ्यात आधी हेच सांगा. त्यासाठी ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नका. लगेच १४४१६ ला फोन करा किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

बोलायचे कसे

नाव घेऊन सुरुवात करण्यापेक्षा त्रासापासून सुरुवात करावी. ‘मला एडीएचडी आहे, गोळी द्या’ म्हटले की डॉक्टर सावध होतात, आणि त्यात त्यांचे चुकत नाही. असे म्हणता येईल :

‘डॉक्टर, मला लहानपणापासून एका कामावर टिकता येत नाही. कॉलेजमध्ये आणि घरीही त्याने नुकसान होते आहे. मी थोडे लिहून आणले आहे. हा एडीएचडी असू शकतो का, की आणखी काही आहे, हे तपासाल का?’

उत्तर आले की ‘मोबाइल कमी करा, सगळे ठीक होईल’, तर वाद न घालता पुढचा प्रश्न विचारा : ‘मोबाइल हातात येण्याआधी, चौथी-पाचवीतही असेच होते. त्याचे काय कारण असेल?’ तरी ऐकून घेतले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे. डॉक्टर नीट ऐकून म्हणाले की हा एडीएचडी नाही, नैराश्य आहे, तर तेही मोकळ्या मनाने ऐका. आपल्याला नाव हवे आहे की आराम, हे स्वतःला विचारावे.

निघताना चार प्रश्न विचाराच : निदान काय वाटते? औषधाशिवाय काय करता येईल? औषधाचे दुष्परिणाम कोणते? पुन्हा कधी यायचे?

औषधाबद्दल थोडे

भारतात मुख्यतः दोन औषधे वापरतात. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक गटातले आहे. ते १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत असल्याने चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलमध्ये नसते. कुठे मिळेल, ते डॉक्टरांनाच विचारा. भूक व झोप कमी होणे, नाडी आणि रक्तदाब वाढणे हे त्याचे ज्ञात परिणाम आहेत. दुसरे ॲटोमॉक्सेटिन. ते उत्तेजक नाही, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. त्या काळात मन जास्त उदास झाले तर लगेच कळवावे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी आधी सांगावे. आणि एक कळकळीची विनंती : परीक्षेच्या रात्री आपली गोळी मित्राला देऊ नका, मित्राची घेऊ नका. तो गुन्हाही आहे आणि जीवाला धोकाही.

कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो

अनेक तरुण मनातली भीती बोलून दाखवतात : ‘आधीच राखीव जागेवरचे म्हणतात, आता वेडे म्हणतील.’ ही भीती खोटी नाही. म्हणून मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ माहीत असावा. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे.

कलम १८ प्रमाणे सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळवताना धर्म, जात, वर्ग, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही. कलम ३ सांगते की, कोणाची सामाजिक-आर्थिक स्थिती किंवा धार्मिक गट पाहून मानसिक आजार ठरवता येत नाही. समाजात रूढ असलेल्या श्रद्धा न मानणे हाही आजार नव्हे. देवदेव सोडून धम्म स्वीकारलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते : कायद्यातील मोजके अपवाद सोडले, तर तुमची माहिती कॉलेजला किंवा मालकाला परस्पर देता येत नाही. कलम २५ प्रमाणे आपले वैद्यकीय कागद मागता येतात. ते जपून ठेवा.

एक मर्यादाही सांगतो. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्र नावाने नाही. वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता मात्र आहे. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून तशी शंका असेल तर त्याचीही तपासणी मागावी.

विहार आणि कार्यकर्ते काय करू शकतात

‘मन चंचल आहे, विपश्यनेला बस’ हा सल्ला आपल्याकडे सहज दिला जातो. ध्यानाचा उपयोग आहेच, पण ते निदानाची जागा घेत नाही. १० दिवसांच्या शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधे विचारलेली असतात. ती खरी लिहावीत आणि शिबिरासाठी परस्पर औषध बंद करू नये. विनयपिटकात जीवक वैद्याची कथा आहे. अतिसाराने मळात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, तीही कथा तिथेच आहे. आजाऱ्याला उपदेश करण्याआधी त्याची सेवा करावी, हे आपल्याला नव्याने शिकायचे नाही.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. पहिल्या भेटीला सोबत जा. गावाकडच्या आईला डॉक्टर काय म्हणाले ते समजावून सांगा. विहाराच्या फलकावर १४४१६ लिहा. १८ तासांच्या उपक्रमात दर पाऊण तासाने उठून फिरायची मुभा ठेवा, आणि अर्ध्यात उठून गेलेल्याचे नाव माइकवरून घेऊ नका. बाबासाहेबांनी वाचन केले ते माणूस मोकळा व्हावा म्हणून. त्यांच्या नावाने कोणी स्वतःला कमी समजत असेल, तर त्याला डॉक्टरांच्या दारापर्यंत नेणे हेही चळवळीचेच काम आहे.

जय भीम.